किती पिते, ते आधी मोज

सातारा,
१२ जून

चि. मृणाल,


तुझा निरोप वाचला. गाडी ऑइल पितेय आणि गॅरेजवाला म्हणतो, इंजिन उतरवावं लागेल, रिंगा-पिस्टन, बोअर सगळं आलं. फोनवर सांगितलेलं निम्मं विसरायला होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. पण मृणाल, किती पिते हे तू लिहिलंच नाहीस. त्यानेही विचारलेलं दिसत नाही. तो आकडा हातात येईपर्यंत इंजिनाला पाना लावू देऊ नकोस.

थोडंफार ऑइल प्रत्येक इंजिन खातं. पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात, खालची सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली पाठवते. तरी एक पातळ थर मागे राहतो, राहायलाच हवा. त्यावरच पिस्टन सरकतो आणि त्यातलं थोडं पेट्रोलबरोबर जळतं. स्कोडाच्या मॅन्युअलमध्ये तर हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत खप होऊ शकतो असं छापलेलं असतं. हाच दर तुझ्या गाडीला लावून बघ. तुझ्या छोट्या पेट्रोल गाडीत एकूण ऑइल मावतं तीन-साडेतीन लिटर आणि सर्व्हिस येते दहा हजारांवर. तोवर पाच लिटर लागतील! म्हणजे कागदोपत्री निरोगी असलेलं इंजिनसुद्धा कुणी ऑइलची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, ओढून बघितली नाही तर सर्व्हिसच्या आधीच जाम होईल.

‘लाल दिवा अजून लागला नाही’ असं तू लिहिलंयस, त्याने निर्धास्त होऊ नकोस. बहुतेक गाड्यांत तो दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो. ऑइल इतकं खाली जातं की पंप हवा ओढायला लागतो, तेव्हा तो पेटतो. चालत्या गाडीत दिसला तर बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद कर. घरापर्यंत जाऊ, असं म्हणू नकोस.

आता पट्टी कशी बघायची ते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागा ठरवून टाक, उतार नको. गाडी फिरवून आल्यावर इंजिन बंद कर आणि पाच-दहा मिनिटं थांब, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरेल. तुझ्या मॅन्युअलमध्ये वेगळं काही असेल तर ते खरं, पण दर वेळी एकाच पद्धतीने बघ. डिपस्टिक काढ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पूस, पूर्ण आत घाल, पुन्हा काढ. दोन्ही बाजू बघ आणि जी कमी दाखवते ती धर. खालच्या आणि वरच्या खुणेतलं अंतर बऱ्याच गाड्यांत सुमारे लिटरभराचं असतं. टाकताना पाव लिटर टाक, थांब, पुन्हा बघ. वरच्या खुणेच्या पलीकडे जायचं नाही. ऑइल जास्त झालं की क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदरवाटे तेच इंजिनात जाऊन जळतं. उदार हाताने टॉप-अप करणाऱ्याची गाडी त्यामुळेच जास्त पिते.

मोजणी अशी. ऑइल बरोबर वरच्या खुणेवर आण आणि किलोमीटर लिही. दर आठवड्याला पट्टी बघत जा. पातळी खालच्या खुणेजवळ आली तर मध्येच टाक, पण टाकलेलं लिहून ठेव. हजार किलोमीटर झाले की त्याच जागी पुन्हा त्याच खुणेपर्यंत भर. एकूण जेवढं टाकलंस तेवढा खप. डबा आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेव. लिटरभर इंजिन ऑइल साधारण साडेआठशे ग्रॅम भरतं, त्यावरून मिलिलिटर काढता येतात. आमच्या एस.टी. डेपोत डिझेलबरोबर टॉप-अपचं ऑइलही वहीत गाडीच्या नावावर चढायचं. धूर बघून कुणी काही म्हणो, इंजिन कामाला घ्यायचं की नाही ते ती वही ठरवायची.

मोठ्या कंपन्याही हेच करतात. अमेरिकेत २००७ ते २००९ च्या कॅमरीचं २.४ लिटरचं इंजिन ऑइल खातं अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा टोयोटाने वॉरंटी वाढवली. पण सरसकट इंजिनं उघडली नाहीत. आधी ऑइल भरून गाडी ठरावीक अंतर पळवायची, किती घटलं ते मोजायचं आणि मर्यादेबाहेर गेलेल्या गाड्यांच्याच पिस्टन-रिंगा बदलायच्या.

तुझी मोजणी चालू असताना स्वस्तातली कारणं तपासून घे. गाडीखाली रात्री पुठ्ठा टाक. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ड्रेन प्लगचा वायसर, फिल्टर, क्रँकचं ऑइल सील, यांतून गळत असेल तर पुठ्ठा सांगेल. ब्रीदरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला असेल तर तो बदलायला फारसा खर्च नाही. मग धूर. वाईला येशील तेव्हा पसरणी घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून ये, पायथ्याला दाब आणि आरशात बघ. निळा लोट निघाला, किंवा सकाळी पहिल्या स्टार्टला निघत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर. ते पुष्कळ इंजिनांत हेड न उतरवता बदलता येतात. चढावर जोर दिला की सतत निळा धूर येत असेल, तर मात्र रिंगा.

जाड ऑइल घालून बघू, असं कुणी सुचवेल. धूर कमी दिसेलही. जुनी गाडी विकणारे हेच करतात. पण आजची इंजिनं पातळ ऑइलवर बेतलेली असतात, व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणाही त्याच ऑइलच्या दाबावर हलते. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडच्या बाहेर जाऊ नकोस.

निखिलरावांनाही सांग. त्यांची बीएस-६ डिझेल रोज चार किलोमीटर ऑफिसला जाते. तिथे ऑइल घटण्यापेक्षा वाढतंय का ते बघायचं. एवढ्या छोट्या फेरीत डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, सफाई अर्धवट राहिली की जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पट्टीवर पातळी चढली आणि डिझेलचा वास आला, तर ऑइल बदलायचं.

आता निर्णय. हा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे. हजाराला पाव लिटरपर्यंत खप असेल तर डिकीत एक डबा ठेव आणि निवांत चालव. वर्षाला चार डबे लागले तरी इंजिनाच्या कामापुढे तो खर्च किरकोळ. अर्ध्या लिटरवर गेलं तर वरची कारणं एकेक करून मिटव. लिटरजवळ असेल तर स्पार्क प्लग काळे होतील, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होईल. मग कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट करून घे आणि त्या आकड्यांवर इंजिन उघडायचं ठरव.

पहिल्या हजाराचा आकडा आला की मला कळव. तोवर गॅरेजवाल्याला सांग, मामा हिशोब मागतोय.

तुझा,
मामा