टँकरवरचा ‘इन’
काकतीला महामार्गाच्या कडेला आमची चहाची टपरी आहे. लेक आठवीत गेली, तेव्हा तिच्याच पुस्तकातून मीही इंग्रजी शिकायला बसले. धडा होता ‘प्रीफिक्स’चा. करेक्ट म्हणजे बरोबर, इन्करेक्ट म्हणजे चूक. व्हिजिबल दिसणारं, इन्व्हिजिबल न दिसणारं. ‘इन’ म्हणजे नकार, हे मी पक्कं केलं.

दोन दिवसांनी एक टँकर टपरीला अगदी लागून थांबला. पाठीवर लाल अक्षरांत ‘हायली इन्फ्लॅमेबल’. फ्लेम म्हणजे ज्वाला, हे ठाऊक होतं. म्हणजे हे तर मुळीच न पेटणारं! मी शेगडी पेटवली. क्लीनर ओरडत धावला, “अक्का, आधी ती शेगडी विझवा! पेट्रोल हाय त्यात!” टँकर गेला तरी माझे हात थरथरत होते. नकार गेला कुठं?

रात्री लेकीनं शब्दकोश उघडला. लॅटिनमधून आलेले ‘इन’ दोन आहेत. एक नकाराचा, दुसरा ‘आत’ सांगणारा. इन्फ्लॅमेबलमधला दुसरा; ज्वाला आत शिरते, असा. हा घोटाळा जिवावर बेतू नये म्हणून विसाव्या शतकात अग्निसुरक्षेची माणसं ‘फ्लॅमेबल’ हाच शब्द वापरा म्हणून आग्रह धरू लागली. आमच्या रस्त्यावर अजून जुनाच दिसतो, आणि मला ते बरोबर वाटत नाही.

मग माझ्याच भाषेत शोधू लागले. निगर्वी माणसात गर्व नाही, पण निवासात वास आहेच. तिथला ‘नि’ आत घेणारा. अजन्मा आणि आजन्म यांत तर कान्याच्या जागेचाच फरक. शेजारच्या कन्नड काकूंचा नकार मात्र शब्दाच्या शेवटी येतो: गोत्तु, म्हणजे माहीत आहे; गोत्तिल्ल, माहीत नाही. तिथं शेवटपर्यंत ऐकावंच लागतं.

सगळ्यात नवल वाटलं ते आपल्या ‘अनादर’मधल्या ‘अन्’चं. इंग्रजीचा ‘अन’, लॅटिनचा नकाराचा ‘इन’, ग्रीकचा ‘अन्’ ही सगळी एकाच मुळाची भावंडं आहेत.

गेल्या आठवड्यात सासूबाईंच्या तपासणीच्या कागदावर ‘ॲनिमिया’ लिहून आलं. ग्रीक ‘अन्’ आणि ‘हायमा’, रक्त. अक्षरश: ‘रक्त नाही’. त्या विचारत होत्या, काय लिहिलंय? मी म्हटलं, “थोडं कमी आहे, आत्या,” आणि मेथीची जुडी निवडायला घेतली.