वाडा

प्रबळगडाच्या पठारावर कारवीत घुसलो ते एवढ्याचसाठी, की बरोबरच्या ट्रेकर मंडळींच्या स्पीकरपासून जरा लांब बसावं. टेकलो तो दगड बरा सपाट निघाला. शेजारचाही. मग दिसलं, दगड ओळीत आहेत आणि ओळ काटकोनात वळलीय. ना चुना, ना घडाई. जेमतेम दोन खाटा मावतील एवढं जोतं.

"धनगराचा वाडा," माचीवरचा ठाकर पोरगा म्हणाला.

शनिवारवाडाही वाडा आणि म्हशी कोंडायचा हाही वाडाच. मराठीचा हा समभाव मला फार आवडतो. गडाचं एक बरं. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांत त्याची नोंद झाली. म्हशींची नोंद कोण ठेवणार?

आमच्या आजीनं ठेवली होती. पनवेलच्या आमच्या ओटीवर दिवाळी सरली की डोंगरावरची एक बाई लोणी घेऊन यायची. पळसाच्या पानांत बांधलेला गोळा, त्यावर तिच्या बोटांचे चार खळगे. आजी नखानं कणभर उचलून हुंगायची.

"या खेपेला वास कमी का गं?"

"चारा सुकला ना, आजी."

मग घासाघीस. चार आणे पाडून घेतले की त्याच बाईला चहा-भाकरी, म्हणजे व्यवहार तोट्यातच. लोणी कढताना विड्याचं पान पडायचं आणि उरलेल्या बेरीत साखर घालून आम्हा पोरांत मारामाऱ्या. तूप मला आजही विशेष आवडत नाही. बेरीसाठी मात्र अजून भांडेन. एका वर्षी बाई आलीच नाही. होळीपर्यंत आजीनं दुकानातलं लोणी घरात येऊ दिलं नाही.

आयर्लंडच्या डोंगरांवरही अशी जोती आहेत. मे महिन्यात गुरं घेऊन, बहुतेक तरण्या पोरीच, वर जायच्या, उन्हाळाभर लोणी काढायच्या आणि थंडीच्या तोंडावर उतरायच्या. अ‍ॅकिल बेटावर ही रीत विसाव्या शतकापर्यंत टिकली. त्या वस्तीला 'बूली' म्हणतात. मूळ शब्दाच्या पोटात 'बो', म्हणजे गाय. आपल्या 'गो'ची लांबची बहीण. आपल्याकडे गोष्ठाचा गोठा झाला आणि त्याच गोष्ठातून निघालेल्या गोष्ठीची गोष्ट. गुरं बांधून झाल्यावर माणसांनी दुसरं करायचं तरी काय?

पोरगा तोवर कोपऱ्यात वाकला होता. तिथं तीन दगड, आतून काळे. त्यानं एक उलटवला. खाली विंचू. त्यानं दगड होता तसा, काळी बाजू आत करून, परत ठेवला.