राजारामची दगडी इमारत

कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन झालं की मी भवानी मंडपात रेंगाळतो. मेन राजाराम हायस्कूलच्या काळ्या दगडी कमानी पाहिल्याशिवाय पाय निघत नाही. नाव राजाराम महाराजांचं, 1870 मध्ये परदेश दौऱ्यात फ्लॉरेन्सला ऐन तारुण्यात वारलेल्या छत्रपतींचं. इथल्याच राजाराम कॉलेजात गोपाळ कृष्ण गोखले शिकले, पुढे यशवंतराव चव्हाण. माधव जूलियन आणि ना. सी. फडके इथलेच प्राध्यापक. कॉलेज यथावकाश गावाबाहेर गेलं, हायस्कूल मात्र मंडपातच राहिलं.

मध्यंतरी शाळा हलवून इमारत पर्यटनासाठी घ्यायचा विषय निघाला, तेव्हा कोल्हापूरकर विरोधात उभे राहिले. बरं झालं. पण शाळा वाचली म्हणजे भिंती वाचल्या, असं नाही. जुनी दगडी बांधकामं चुन्यात असतात. चुना ओल धरतो आणि सोडतोही. दगडांमधल्या दरजा भरताना सिमेंट वापरलं की ओल आतच कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आपल्याकडे डागडुजी म्हणजे सिमेंट आणि वर ऑईलपेंट! मजबुतीचा हा आपला भलता समज.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री याच शहरातलं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना अख्खं गाव रडलं. ते रडणं खरंच होतं. तरी वाटतं, त्यातली थोडी माया इमारत उभी असतानाच दाखवावी. माजी विद्यार्थ्यांनो, स्नेहमेळाव्याचा खर्च एखाद्या वर्षी कमी करा आणि पावसाळ्याआधी चुन्याचं काम जाणणारा गवंडी शाळेला मिळवून द्या.