जरा काखा वर करा

निर्मलमध्ये मी त्वचारोगांची प्रॅक्टिस करतो. भैंसा, मुधोळ, कुबीरची मराठी माणसं येतात, सीमेपलीकडच्या धर्माबादहूनही येतात. तेलुगू, दखनी आणि मराठी अशा तीन भाषांत खाजेची गाऱ्हाणी ऐकायची सवय झाली आहे. काखेचा विषय निघाला की तिन्ही भाषांतले पुरुष सारखेच लाजतात. "डॉक्टरसाब, इथं लई आग व्हायलीय," म्हणत शर्टावरूनच बोट दाखवतात. त्यामुळे माझं पहिलं वाक्य ठरलेलं: काखा वर करा.

काख दिसली की काय केलंय ते बहुतेक वेळा पेशंटनं न सांगताच कळतं. ताज्या ओरखड्यांच्या आडव्या रेघा, केसांच्या मुळाशी लाल पुळ्या, मध्येच एखादी पिकलेली. म्हणजे सलूनमध्ये 'बगला काढून' झाल्या आहेत. आमच्याकडे कटिंग-दाढी संपता संपता कारागीर "बगला?" एवढंच विचारतो आणि गिऱ्हाईक हात वर करतं. यात वाईट काही नाही, उलट घरच्या आरशासमोर एका हाताने खरडण्यापेक्षा कारागिराचा हात सराईत असतो. अडचण वेगळीच आहे. काखेतले केस एका दिशेनं उगवत नाहीत. वरचे वर जातात, खालचे खाली, मधले भोवऱ्यासारखे फिरतात. कातडी मऊ, खोलगट, आणि पातं सरळ. दाढीचा उरलेला फेस लावून खालून वर, वरून खाली दोनतीनदा पातं फिरलं की केसाबरोबर कातडीचा वरचा थरही निघतो. वरून सगळ्या गिऱ्हाइकांना फिरवलेली तुरटीची तीच वडी. दाढी करताना नवं पातं कागदातून काढून, मोडून अर्धं वस्तऱ्यात घातलेलं तुम्ही पाहता. तेच पातं काखेलाही चालतं, पण ते तुमच्यासमोर काढलेलं असलं पाहिजे. रक्तातून पसरणारी हिपॅटायटिस बीसारखी दुखणी उष्ट्या पात्यावरून येऊ शकतात.

मग केस काढावेत की नाही? लोकांना वाटतं, केस म्हणजे घाण आणि घाण म्हणून वास. काखेतल्या विशिष्ट ग्रंथींचा स्राव बाहेर येतो तेव्हा त्याला जवळपास वासच नसतो. तिथले जंतू, मुख्यतः कॉरिनेबॅक्टेरियम, तो फोडतात आणि मग वास येतो. केस त्या स्रावाला आणि जंतूंना थारा देतात, एवढंच. काख भादरली की वास काही काळ कमी होतो, हे अमेरिकेत शेली आणि सहकाऱ्यांनी १९५३ सालीच दाखवलं होतं. पुरुषांवरच केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पात्यानं केस काढून साबणानं धुतल्यावर वास चांगला उतरला, नुसते कातरून मात्र फारसा फरक पडला नाही. तरीही मी ट्रिमरच्या बाजूचा आहे. वासाला साबण आहे, धुतलेला बनियन आहे. खरडलेल्या कातडीत घाम मुरला की आमच्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात जे होतं, ते मी रोज पाहतो.

अंतराचं म्हणाल तर जुन्या लोकांनी ते ठरवून दिलेलं आहे. चरकसंहितेत केस, दाढी, अंगावरची लव आणि नखं पंधरवड्यातून तीनदा काढावीत असं सांगितलं आहे. इस्लाममध्ये काखेचे केस चाळीस दिवसांपेक्षा जास्त ठेवू नयेत असा दंडक आहे. या दोन्हींच्या मध्ये कुठेही राहा. तीन मिलिमीटरची क्लिप लावा, काख कोरडी असताना फिरवा, घरातल्या प्रत्येकाचा ट्रिमर वेगळा ठेवा. २०२१ मध्ये तेलंगण सरकारनं सलूनला महिन्याला २५० युनिटपर्यंत वीज मोफत केली, तेव्हा ट्रिमर चार्ज नाही ही सबब कारागिरानंही सांगू नये. पातंच हवं असेल तर अंघोळीनंतर, केस ओले असताना, हात डोक्यामागे नेऊन कातडी ताणून, हलक्या हातानं केसाच्या दिशेनं. आणि रात्री. सकाळी खरडून लगेच डिओ मारला तर चरचरणारच.

एका आजारात मात्र पातं किंवा ट्रिमर हेच औषध आहे. दिवसभर ओल्या शर्टात फवारणी करणारे कापूसवाले, ट्रकचे ड्रायव्हर येतात. तक्रार एकच, बनियनला काखेत पिवळा डाग पडतो आणि धुऊनही जात नाही. केस बोटांत धरून पाहिला तर त्याला पिवळसर, मेणचट दाणे चिकटलेले दिसतात, नखानं ओढले तरी सुटत नाहीत. बायकोला वाटतं हळद लागली, नवऱ्याला वाटतं उवांची अंडी. ती जंतूंची वसाहत असते, केसाच्या बाहेरून बसलेली. सगळे केस काढायचे, बेन्झॉइल पेरॉक्साइडनं धुवायचं, काख कोरडी ठेवायची. बरं होतं.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. लिंबू चोळू नका, भाजतं. केस काढायची पावडर डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवली तर कातडी सोलते. आणि मेडिकलमधून आणलेली 'खाजेची ट्यूब' तर मुळीच नको. तिच्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड असतं. काखेसारख्या घडीच्या जागी ते जास्त शोषलं जातं, नायटा आतून पसरतो आणि कातडी पातळ होऊन रेघा पडतात, त्या जन्मभर जात नाहीत. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. काउंटरवर ती आजही मागितली की मिळतात.

घाम फारच येत असेल तर ॲल्युमिनियम क्लोराइडचं औषध रात्री कोरड्या काखेला लावायचं असतं, केस काढल्याच्या दिवशी सोडून. काख आणि मान काळी पडून मखमलीसारखी झाली असेल तर घासून उपयोग नाही, वजन आणि साखर तपासा.

राहिली काखमांजरी. एकदा आली, पिकली, फुटली, गेली, तर सोडून द्या. पण दर काही महिन्यांनी त्याच काखेत गाठ, मग दुसऱ्या काखेत, जांघेत, पू वाहणारी भोकं, दोरीसारखे वण, असं असेल तर तो अस्वच्छपणा नाही आणि वस्तऱ्याचा दोषही नाही. हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा नावाचा तो आजार केसांची मुळं तुंबून होतो आणि बिडी-सिगारेट, वाढलेलं वजन यांच्यासोबत जास्त आढळतो. पुढारलेल्या देशांतही त्याच्या निदानाला वर्षं जातात, कारण माणूस दरवेळी गाठ फोडून घेतो आणि लाजेनं गप्प बसतो. आज त्याला गोळ्या आहेत, लेझर आहे, २०१५ पासून ॲडालिम्युमॅबची इंजेक्शनं आहेत, गरज पडली तर शस्त्रक्रिया आहे. सगळं लवकर आलेल्याला जास्त लागू पडतं. घरात कुणाला अशी गाठ तिसऱ्यांदा आली असेल तर लेप लावत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.