वाढत्या मापाचं

जून लागला की दुबईचे रस्ते दुपारी ओस पडतात. पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो, खाडीवरची दमट हवा अंगाला चिकटून राहते. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात मजुरांना राबवायला कायद्यानेच बंदी आहे. अशा दिवसांत माणसं भेटायची कुठे? मॉलमध्ये. पारावर, कट्ट्यावर, चौपाटीवर आपण जे काही करतो ते इथे छपराखाली एसीत चालतं. 2008 साली उघडलेल्या दुबई मॉलमध्ये बाराशेच्या वर दुकानं आहेत, पण संध्याकाळी तिथे रमलेल्या कितीतरी जणांच्या हातात पिशवीसुद्धा नसते. मुलांकडे राहायला आलेले आजीआजोबा कडेकडेने फेऱ्या मारतात. फिलिपिनो मुली मत्स्यालयाच्या भल्यामोठ्या काचेपुढे फोटो काढतात. पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यातले स्थानिक तरुण एकेका कॉफीवर तासन् तास गप्पा मारतात. मॉलला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. ज्या गावाला उन्हाळाभर अंगणच मिळत नाही त्याने अंगण घरात आणलं, तर त्यात चुकलं काय?

सलतं ते वेगळंच. ज्यांच्या हातांनी या इमारती उभ्या राहिल्या ते सोनापूर आणि अल कूझच्या मजूर-कॅम्पांत राहतात. त्यांचा बाजार या मॉलमध्ये नाही.

तो आहे खाडीच्या दोन काठांवर. एका दिरहमात अब्रा, म्हणजे इथली होडी, इकडून तिकडे सोडते. अलीकडे बर दुबई आणि मीना बाजार, पलीकडे देरा, सोन्याचा बाजार म्हणजे गोल्ड सूक, नाईफच्या गल्ल्या. दुकानदार इराणी असो, अफगाणी असो की सिंधी, हिंदीवर सगळ्यांचं भागतं. मुंबईशी या काठाची देवघेव फार जुनी. 1966 पर्यंत इथे आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला गल्फ रुपया चालत होता. सोन्याचा दिवसाचा भाव कॅरेटनुसार फलकावर लागलेला असतो, त्यावर कुणी वाद घालत नाही. घासाघीस होते ती घडणावळीवर, आणि आपल्या बायका त्यात कुणाला ऐकत नाहीत.

1996 पासून भरणाऱ्या शॉपिंग फेस्टिव्हलवर रकाने भरभरून लिहिलं जातं. मला मात्र इथली खरी खरेदी नाईफमध्ये दिसते, सुट्टीच्या दिवशी, दिवेलागणीनंतर. इथे बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की गाशा गुंडाळायचा. म्हणून या गल्ल्यांत माणूस स्वतःसाठी फारसं काही घेत नाही. जाड मऊ ब्लँकेट, टँगचे डबे, दुधाची पावडर, अत्तर, टायगर बाम, हे सगळं दुसऱ्या कुठल्यातरी घरी जायचं असतं. घेणारा ते हातात धरतो तेव्हा त्या घरातलं एकेक माणूस त्याच्या डोळ्यांपुढे असतं.

अशाच एका बुटांच्या दुकानात खेडकडचा एक वेल्डर भेटला. बायकोने मोबाइलवर फोटो पाठवलेला: फरशीवर टेकवलेलं पोराचं पाऊल आणि शेजारी शाळेतली पट्टी. पट्टीवरचा आकडा नीट दिसावा म्हणून तो फोटो बोटांनी मोठा करी, मग बूट उलटा करून तळव्यावर वीत टेकवी. चालताना लाल दिवे लागणारे बूट होते. मापाचा जोड हाती आल्यावर त्याने तो परत केला आणि एक नंबर मोठा मागितला.

“दादा, सैल नाही का होणार?” मी विचारलं.

“होऊ देत की. गावचा माणूस पुढच्या महिन्यात जाणार. बूट पोचेपर्यंत पाय वाढतो पोराचा.”

पंचेचाळीस दिरहम सांगितलेला जोड त्याने तिसात मिळवला. बुटांचं खोकं मात्र दुकानदारालाच परत दिलं. पुठ्ठ्यालाही वजन असतं, आणि गावी जाणाऱ्या त्या माणसाच्या सामानाच्या तीस किलोंपैकी याच्या वाट्याला पाचच किलो आले होते. मग तिथेच उभ्याउभ्या त्याने गावी फोन लावला. बुटांच्या आतली जागा रिकामी का पाठवायची, यावर दोघांचं बराच वेळ चाललं होतं. त्याला तिच्यासाठी अत्तराची बाटली बसवायची होती. ती सांगत होती, ते राहू दे, आईंच्या गुडघ्यांसाठी बाम आणखी दोन घाल.