कर्नाळ्याच्या पायथ्याची आमराई

पनवेलच्या एस. टी. स्थानकावर पेणची गाडी धरली. पळस्पे फाटा मागे पडला की शिरढोण येते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके १८४५ साली याच गावी जन्मले. पुढे कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा दिसतो. जुलैचा पाऊस होता आणि खाचरांत भाताची लावणी चालली होती.

त्या बाजूच्या एका वाडीत हापूसची बाग पाहायची होती. बागेचे मालक सत्तरीचे. म्हणाले, "साहेब, बाग कराराने दिलीय. व्यापारी दरसाल कल्टार ओततो. पहिली दोन वर्षे मोहोर भरपूर आला. आता पालवीच वाढत नाही. यंदाच्याही बाटल्या आणून ठेवल्यात."

झाडांजवळ गेलो. फांद्यांची पेरे आखूड, शेंड्याला पानांचे झुबके.

शेतकरी बंधूंनो, फांदी लांब होते ती झाडातल्या जिबरेलीन या संजीवकामुळे. कल्टारमधील पॅक्लोब्युट्राझोल ते तयार होऊ देत नाही. वाढ थांबते आणि झाड मोहोराकडे वळते. फळे पिकवायचे इथ्रेल झाडाच्या रसात लवकर फुटते व त्याचा वायू होऊन जातो. कल्टारचे तसे नाही. झाड आणि मातीतले सूक्ष्म जीव ते अगदी सावकाश मोडतात. मातीत त्याचा काही अंश वर्षानंतरही उरतो. त्यावर पुन्हा पूर्ण मात्रा ओतणे म्हणजे मागची बाकी फिटण्याआधी नवे कर्ज काढणे!

दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाच्या घेराच्या व्यासाला धरून आहे. दर मीटरला पाऊण ग्रॅम मूळ औषध, म्हणजे २५ टक्के द्रावण ३ मिलिलिटर. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. इथे तर लहानमोठ्या सगळ्या झाडांना एकच माप!

मी म्हटले, "काका, यंदा औषध नको. शेणखत आणि खते द्या. अंश कमी होईल तशी पालवी फुटेल. पुढे द्यायचे झाले तर झाड मोजून, पालवी बघून, मात्रा कमी करून द्या. आणि हे करारात लिहून घ्या."

"व्यापारी पैसे कमी करील."

"करील."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग बुंध्यावर हात ठेवून म्हणाले, "करू दे. कलमे बापाने लावलीत, त्याने नाही."

परतीच्या गाडीपर्यंत ते छत्री घेऊन सोडायला आले. बाटल्या व्यापाऱ्याला परत नेण्याचा निरोप त्यांनी वाटेतच धाडला.