ताल पायांतून

सिल्वासातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी संगीत शिकवते. वर्गात अर्धी मुलं वारली आणि कोकणा घरांतली, बाकीची खानदेशातून इथल्या कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांची. तबल्याची एकच जोडी. जूनमध्ये पाऊस धरला की तीही चढत नाही.

टाळ्या वाजवून ताल शिकवायचा, ही नेहमीची वाट. केरवा घ्यायचा : आठ मात्रा, पहिलीवर टाळी, पाचवीवर खाली. मुलं मात्रा बिनचूक मोजतात. पण दोन-तीन आवर्तनं झाली की लय पळायला लागते, आणि खालीला हात नुसता हलवायचा सोडून अर्धा वर्ग टाळी देऊन मोकळा होतो. आवाज न करता मात्रा भरायची, हे सात वर्षांच्या मुलाला फार जड जातं. माझ्या मते लहान मुलांना ताल शिकवणं म्हणजे मुख्यतः खाली शिकवणं.

वाट सापडली ती इथल्याच नाचात. भात पिकलं की पाड्यांवर तारपा वाजू लागतो. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा गालांत हवा धरून नाकाने श्वास घेतो, सूर तुटू देत नाही. या नाचाला ढोल लागत नाही. एकमेकांच्या कमरेला हात घालून माणसं तारपेवाल्याभोवती फिरतात, त्याने चाल बदलली की सगळ्यांची पावलं बदलतात. कोणी एक-दोन-तीन म्हणत नाही. ताल असतो तो पायांत आणि पुढच्या गड्याच्या हातातल्या काठीत.

मग मी बाकं भिंतीला लावली. मुलांचं रिंगण, प्रत्येक मात्रेला एक पाऊल. समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, पाय दणकून टाकायचा, खालीला तोच पाय अलगद, आवाज न करता. तोंडाने काहीच म्हणायचं नाही.

दुसरीत एक वारली मुलगी आहे. बसून टाळ्या घेतल्या की तिची टाळी नेहमी मागेपुढे व्हायची, म्हणून ती हात मांडीखाली घालून बसायची. रिंगणात मात्र समेच्या आधीच्या मात्रेला तिचा गुडघा किंचित वाकायचा. अगदी थोडा, पण दर वेळी. तिच्यामागची दोन मुलं तिच्या गुडघ्याकडे बघून समेवर यायला लागली. सम आधीच्या मात्रेतच तयार होते, हे मोठ्यांना समजावताना मी किती बोलत असते! तिने ते न बोलता वर्गभर पोचवलं.

जिनिव्हात एमिल जाक-दालक्रोझ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संगीताच्या विद्यार्थ्यांना चालायला लावून लय शिकवत. लय आधी अंगात यावी, कागदावर मागून, हा त्यांचा आग्रह. आपल्याकडे तर हे अंग मुलं घरूनच घेऊन येतात. दादऱ्याच्या सहा मात्रांना वेळच लागत नाही. नवरात्रात गल्लोगल्ली गरबा चालतो आणि त्यातला हींच हा ठेकाही सहा मात्रांचाच. बोल मी नंतर देते. पाय बसले की ‘धा धी ना, धा ती ना’ मुलं खेळता खेळता उचलतात.

भांडण करावं लागतं ते ट्रॅकशी. कार्यक्रम आला की सगळ्यांना तयार ट्रॅक हवा असतो, मुलं त्यावर नुसती ओठ हलवतात. लय धरायचं काम यंत्राने केलं की मुलांना काय उरतं? २ ऑगस्ट हा आमचा मुक्तिदिन. १९५४ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यातून हा मुलूख सोडवायला जे गेले, त्यांत सुधीर फडके होते. संगीतकार माणूस, जिवावर उदार होऊन गेला. त्या दिवसाचं गाणं तरी मुलांनी स्वतःच्या लयीवर म्हणावं, असा हट्ट मी धरला आणि तो मानला गेला.

यंदा तिसरी-चौथीची मुलं ट्रॅकशिवाय गायली. दुसरीची मुलं मागे उभं राहून पावलं टाकत होती. शेवटच्या कडव्याला गाणारी मुलं घाईत आली, पण मागची पावलं हलली नाहीत, आणि ध्रुपदावर सगळी पुन्हा एकत्र आली. दिवाळीनंतर चौथीला झपताल द्यायचा आहे. दोन-तीन-दोन-तीन अशी पावलं टाकून मुलांनी तो वऱ्हांड्यात आधीच सुरू केलाय.